बारशाचा बंदोबस्त

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे, हे कळल्यावर गल्लीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि शेजारचे शेषेराव नुसतं "बरं" म्हणाले.

याला कारण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत असे. दख्खनचं पठार फार जुनं, घट्ट आणि भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित आहे असं आमच्या पुस्तकात होतं. मी ते वर्षानुवर्षं नकाशावर पट्टी आपटून शिकवलं आणि "आपल्या लातूरला काही काळजी नाही" ही स्वतःची भरही घातली. त्र्याण्णव साली त्या पठारानं काय केलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. किल्लारीकडं जे झालं त्यावर विनोद करण्याची माझी छाती नाही. पण आमच्या गल्लीत, जिथं भिंतींना तडे जाण्यापलीकडे काही झालं नाही, तिथं पडझड झाली ती फक्त माझ्या शब्दाची. तेव्हापासून मी "काही होत नाही" म्हटलं की लोक चपला शोधू लागतात. माझे विद्यार्थी डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, तरी रस्त्यात भेटले की "सर, आपला भाग सुरक्षित आहे ना?" असं विचारून पाया पडतात. पाया पडतात म्हणून रागावताही येत नाही.

तर कॉम्प्युटर. आमचा मुलगा आलोक अमेरिकेत असतो. त्याला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात आमच्या गल्लीत ब्रॉडबँड आलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं आमच्या सौभाग्यवती सौदामिनी मानतात, आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. कॉम्प्युटर आला, त्याच्या डोक्यावर बसवायचा कॅमेरा आला, बोलायचा माईक आला. आलोकनं फोनवरून सगळं सांगून जोडून घेतलं आणि बाराव्या दिवशी, म्हणजे येत्या रविवारी संध्याकाळी, बारसं करायचं ठरलं. पाळणा तिकडे आणि आत्या इकडे.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. तिनं बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. हा हक्क बापाच्या बहिणीचा. आलोकची बहीण मालविका नांदेडला कॉलेजात शिकवते. तिनं नाव केव्हाच ठरवलं होतं आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं. आलोक आणि सूनबाई सुकन्या यांनीही सगळं तिच्यावर सोडलं होतं. एवढं सगळं सुरळीत होतं, फक्त सुकन्याची आई बाळंतपणाला तिकडे गेलेली होती आणि सुकन्याची धाकटी बहीण तिकडेच शिकत होती. म्हणजे मावशी हाताशी होती. विहीणबाई फोनवर सौदामिनीला म्हणाल्या, "तुमच्याकडून काही अडचण आली तर मनाला लावून घेऊ नका हं. मावशी आहेच इथं."

सौदामिनीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मावशी आहेच म्हणे."

मग ते वाक्य ती आठवडाभर म्हणत राहिली. कणीक मळताना म्हणाली, तुळशीला पाणी घालताना म्हणाली, एकदा तर झोपेत म्हणाली असा मला संशय आहे.

"अगदीच नाही जमलं तर मालविका फोनवर कुर्र करेल," मी म्हणालो.

"फोनवर नाव ठेवायचं तर पोस्टकार्डावरही ठेवता येतंय. मला बाळ बघायचंय. आणि आत्यानं नाव ठेवलेलं त्या बायांनी बघायचंय."

बाळ तिनं अजून बघितलेलं नव्हतं. एक फोटो आला होता, तो मी मोठा करून आणावा म्हणून पेन ड्राइव्हवर घालून फोटो स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्यानं हौसेनं बाळाच्या मागं ताजमहाल घातला. ते एक वेळ चाललं असतं. पण पेन ड्राइव्ह परत आला तो आपल्याबरोबर काहीतरी घेऊन. घरी लावल्यावर एका फोल्डरच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असे फोल्डर निघायला लागले आणि बाळ कुठेच निघेना. शेवटी गंजगोलाईजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून माणूस आला. त्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं. त्या पुसण्यात मूळ फोटोही गेला. "पुन्हा पाठवतो" असं आलोक म्हणाला, पण बाळ रात्रभर जागवत होतं आणि त्याला स्वतःचा शर्ट सुलटा घालायची शुद्ध नव्हती. म्हणजे रविवारपर्यंत सौदामिनीकडे नातीचा पुरावा म्हणून काय उरलं, तर ताजमहाल.

"व्हायरस होता सर," दुकानातला माणूस जाताना म्हणाला. "अँटीव्हायरस घाला. नाहीतर ऐन बारशात बसेल."

ऐन बारशात बसेल हे वाक्य त्यानं सौदामिनीच्या देखत म्हणायला नको होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं दख्खनचं पठार होतं. मी त्याच क्षणी जाहीर केलं की या घरात परकं असं काहीही शिरणार नाही आणि तो बंदोबस्त मी करीन.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. एका फळीवर अँटीव्हायरसचे डबे मांडले होते. एकावर ढाल, एकावर सिंह, एकावर चिलखत घातलेला माणूस. प्रत्येकावर सुवर्णपदकाचं चित्र आणि 'सलग तिसऱ्या वर्षी प्रथम' अशा अर्थाचं इंग्रजी. दुसऱ्या गावच्या माणसाला वाटलं असतं, सगळेच प्रथम कसे? लातूरच्या माणसाला वाटत नाही. आमच्या ट्युशन एरियात एकाच पोराचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर असतो आणि तिन्हीवर तो आपल्याच क्लासमुळे पहिला आलेला असतो. फरक एवढाच की एका फ्लेक्सवर त्याला चष्मा असतो.

"यातला चांगला कोणता?" मी विचारलं.

"सगळेच चांगले सर."

"तुमच्या घरी कोणता आहे?"

"आमच्या घरी कॉम्प्युटर नाही," दुकानदार म्हणाला. "दिवसभर हेच. घरी आणखी कशाला?"

मी विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलो. आमच्याकडे विचार करायचा म्हणजे चारचौघांत बोलायचं. संध्याकाळी ओट्यावर बसलो तर शेषेराव आले. हे मूळचे नायगावकडचे शेतकरी. क्लासेसची लाट आली तशी त्यांनी गावाकडची थोडी जमीन भावावर सोडली, इथं आमच्या शेजारी दोन मजले चढवले आणि बाहेरगावच्या पोरांसाठी हॉस्टेल काढलं. भूकंपानंतर अंगणात घातलेलं पत्र्याचं शेड त्यांनी अजून मोडलेलं नाही. हॉस्टेलची पोरं स्लॅबखाली झोपतात, मालक शेडमध्ये. 

"काय करूलालाव सर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्याला कशाला पैसे घालता खामखा," शेषेराव म्हणाले. "जमीन हलली की आपण काय करतो? भाईर पळतो. तसंच हाय हे. काय गडबड वाटली की वायर उपटायची. आमच्या पोरायला मी हेच सांगितलंय."

"पण शेषेराव, आधीच अडवायला नको का?"

"अडवून काय अडतंय? यायचं ते येतंय सर." ते थांबले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना पठार आठवलं असावं. "न्हाई, तसं काय न्हाई. तुमी करा इंतजाम."

तेवढ्यात समोरच्या घरातले सत्यम सर मोटारीतून उतरले. सत्यम सर केमिस्ट्रीचे क्लास घेतात. कधीकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत, आता त्यांच्या वर्गात मागचा बाक दिसायला दुर्बीण लागते. त्यांनी उभ्या उभ्या माझा प्रश्न ऐकला आणि हसले.

"सर, तुमचा प्रश्नच चुकतोय. कोणता एक घेऊ असं तुम्ही विचारताय. लातुरात कुणी एका क्लासला जातं का? फिजिक्स एकाकडे, केमिस्ट्री आपल्याकडे, बायोलॉजी तिसरीकडे, आणि वर एक टेस्ट सिरीज. सगळे विषय एकालाच येतात असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. कॉम्प्युटरला पण तेच. पेन ड्राइव्हचा मास्टर वेगळा, नेटचा वेगळा, ई-मेलचा वेगळा. चारही लावा. पोरगं मेडिकलला लागतं, कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात?"

मी निवृत्त शिक्षक आहे. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला शास्त्रीय पटणं म्हणतात. सगळं गाव ज्या पद्धतीनं नावारूपाला आलं ती पद्धत आपण कॉम्प्युटरला लावली नाही, याची मला लाज वाटली. शेषेरावांनी मात्र डोकं खाजवलं आणि म्हणाले, "चार मास्तर एका टायमाला एकाच वर्गात?" आम्ही दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी चार आणले. ढालीचा डबा दुकानातून घेतला. सिंह एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीत होता. तिसरा नेटवरून उतरवला, तो फुकट होता आणि म्हणूनच जरा जास्त बोलत असे. चौथा सत्यम सरांनी त्यांच्या क्लासच्या ऑफिसातून पाठवला, त्याच्या सीडीवर त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो होता. चौघांना एकाच दिवशी प्रवेश दिला.

पहिले दोन तास फार समाधानाचे गेले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चार चिन्हं आळीपाळीनं लुकलुकत होती. मी सौदामिनीला बोलावून दाखवलं. "चार दरवान आहेत," मी म्हणालो. "आता मुंगी शिरायची नाही."

"आलोक शिरेल ना?" तिनं विचारलं. बायकांना प्रश्न विचारायची वेळ कळत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग निकाल लागायला सुरुवात झाली. ढालीनं पहिला व्हायरस पकडला. मी आनंदानं नाव वाचलं, तर तो सिंह होता. सिंहाची कागदपत्रं संशयास्पद आहेत, त्याला कोठडीत टाकू का, असं ढाल विचारत होती. मी उत्तर द्यायच्या आत सिंहानं फुकट्याला पकडलं. फुकट्यानं ढालीवर बोट ठेवलं. सत्यम सरांचा मास्टर काही वेळ गप्प होता, मग त्यानं तिघांनाही अत्यंत धोकादायक ठरवलं. 

मी समोर जाऊन सत्यम सरांना सांगितलं, तर ते अजिबात डगमगले नाहीत. "स्पर्धा आहे सर. आमच्यात नाही का? मी फिजिक्सवाल्याला काय म्हणतो आणि तो मला काय म्हणतो ते तुम्ही ऐकलंय ना? पण पोरांचा रिझल्ट लागतो का नाही?" मला हेही पटलं. माणूस एकदा पटवून घ्यायला लागला की त्याला थांबवणं अवघड असतं.

एव्हाना ते चौघे मला प्रश्न विचारायला लागले होते. अमुक एक गोष्ट बाहेर जाऊ मागते, तमुक आत येऊ मागते, परवानगी द्यायची का? खाली दोन बटणं, अलाऊ आणि डिनाय. कोण काय मागतंय ते मला समजत नव्हतं, कारण नावं सगळी डॉट आणि आकड्यांची होती. पण मी तीस वर्षं दहावीच्या परीक्षेला सुपरवायझर होतो. संशय आला की उठवायचं, विचार नंतर करायचा, हा माझा नियम. मी प्रत्येकाला डिनाय केलं. हाताला लय सापडली. डिनाय, डिनाय, डिनाय. मी कुणाकुणाला उठवलं ते नंतर कळलं. त्यात कॅमेरा होता, माईक होता, आलोकशी बोलायचा प्रोग्राम होता आणि सरतेशेवटी खुद्द ब्रॉडबँड होतं.

शुक्रवारी सकाळी नेट बंद. मी डब्यावरच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ सतार ऐकवल्यावर एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण अजून आपलं नाव नोंदवलेलं नाही. नोंदणी केल्याशिवाय आम्ही मदत करू शकत नाही."

"नोंदवून घ्या."

"ती नेटवरून करायची असते सर."

"अहो, नेट बंद पडलंय म्हणून तर फोन केला."

"नोंदणी झाली की त्यावर आम्ही मदत करू सर," ती म्हणाली आणि पुन्हा सतार.

मग टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी टेबलावरचा पंखा माझ्याकडून स्वतःकडे वळवला आणि सांगितलं की ब्रॉडबँडच्या तक्रारी हल्ली कागदावर घेत नाहीत, वेबसाईटवर टाकायच्या.

"नेट बंद असल्याची तक्रार नेटवर?" मी विचारलं.

"शेजाऱ्याकडून टाका," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. रोज सांगून सांगून तो झिजून गेला होता.

अशा रीतीनं मी शेषेरावांच्या हॉस्टेलात गेलो. खालच्या हॉलमध्ये पोरांसाठी एक कॉम्प्युटर कॅमेरा-माईकसकट ठेवलेला होता. किनवटपासून उदगीरपर्यंतची पोरं त्यावर निकाल बघत, सिनेमे बघत, आणखी काय बघत ते मी विचारलं नाही. त्याला चारही बाजूंनी दोरीवर वाळत घातलेल्या बनियनांचा पहारा होता. चालू केला तर पडद्यावर मला लाखो डॉलरची लॉटरी लागली. ती बंद केली तर एक बाई आली, तिला बंद केलं तर तिची बहीण आली. की-बोर्डावर शेंगदाण्याची टरफलं होती. 

"याच्यात अँटीव्हायरस कोणता?" मी शेषेरावांना विचारलं.

"हे उघडंच हाय," ते म्हणाले. "कोण येतंय, कोण जातंय, म्या काय बघत न्हाई. चालू हाय एवढं खरं."

मी दोन बोटांनी तक्रार टाकली आणि घरी येऊन साबणानं हात धुतले. सौदामिनीला म्हणालो, "त्या यंत्राला बारशाच्या दिवशी आपल्या घराकडे बघूसुद्धा देऊ नकोस."

शनिवारी लाईनमन आला. त्यानं भिंतीतली वायर ओढून बघितली, फोनवरून कुणाला तरी "हॅलो" म्हटलं आणि लाईन ठणठणीत आहे असं लिहून माझी सही घेतली. लाईन खरंच ठणठणीत होती. ती माझ्या उंबऱ्यापर्यंत येत होती आणि आत चौघे जण तिला ओळख विचारत होते.

रविवारी दुपारी मालविका नांदेडहून एसटीनं आली. येताना बाळासाठी टोपडं घेऊन आली, जे अमेरिकेला जायला अजून सहा महिने लागणार होते. बाहेरच्या खोलीत सौदामिनीनं पाळणा बांधला होता. आमच्या पद्धतीत बाळाआधी वरवंट्याला सजवून पाळण्याखालून वरून फिरवतात. इथं बाळच नसल्यामुळे सगळी हौस वरवंट्यावर आली. त्याला ते टोपडं, काजळ, गळ्यात काळे मणी. गल्लीतल्या बायका आल्या. घुगऱ्यांचं पातेलं स्वयंपाकघरात तयार होतं. पाळण्यासमोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याला हळदीकुंकू. शेषेराव दाराशी उभे होते आणि सत्यम सर बॅच सोडून आले होते.

मी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू होताना चौघेही जागे झाले आणि आधी सगळं घर तपासतो म्हणाले. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. तिच्यावर दुसरी पट्टी आली, तिच्यावर तिसरी. बायकांनी एक पाळणा म्हटला. दुसरा म्हटला. पट्टी अर्ध्यावर आली, तेव्हा ढाल म्हणाली की सिंह असेपर्यंत मी काम करू शकत नाही. मी सिंहाला काढायला गेलो. सिंह म्हणाला, मला काढायचं तर आधी ढाल बंद करा. ढाल बंद करायला गेलो तर तिनं पासवर्ड मागितला, जो कधी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. 

"सत्यम, आता काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना 'सर' म्हणायला विसरलो.

सत्यम सरांनी घड्याळ बघितलं. "सर, आपला विषय केमिस्ट्री," ते म्हणाले आणि त्यांना बॅच आठवली.

मोबाईल वाजला. आलोक होता. सौदामिनीनं घेतला.

"आई, आम्ही केव्हापासून लावतोय, तुम्ही दिसतच नाही," तो म्हणत होता. तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. "इथं पाहुणे आलेत. मुहूर्त टळायला लागलाय. सुकन्याच्या आई म्हणतायत, मावशीनं उभं राहावं पाळण्यापाशी."

सौदामिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती पठार काढेल. तिनं डोळ्याला पदर लावला एवढंच. बत्तीस वर्षांच्या संसारात ती मला अनेकदा बोलली, पण न बोलता अशी कधी उभी राहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मालविका पाळण्याच्या दोरीशी उभी होती, तिच्या तोंडात ते नाव इतक्या दिवसांपासून होतं आणि ते तिथंच राहणार होतं, माझ्यामुळे. बाहेरून कुणी चोर आला नव्हता. घरात येणाऱ्या माणसांना मीच दारातून परत पाठवलं होतं.

मग सौदामिनीनं पदर खोचला. "शेषेराव भाऊ, तुमचा कॉम्प्युटर चालू हाय का?"

"चालूच असतंय की," शेषेराव म्हणाले. 

"आलोक, बंद करू नको. आत्या येऊलाली म्हणून सांग त्यांना."

आमच्या गल्लीनं बऱ्याच मिरवणुका बघितल्या, पण तशी बघितली नसेल. पुढे शेषेराव, "ए, कपडे काढा रे दोरीवरचे" असं ओरडत. मागे मालविका. तिच्या मागे सौदामिनी, कडेवर टोपडं घातलेला वरवंटा. मग बायका, मग घुगऱ्यांचं पातेलं धरून मी. हॉस्टेलच्या हॉलमध्ये पळापळ झाली. बनियनं गेली, कुणीतरी टरफलं शर्टानं पुसली, लॉटरी आणि दोन्ही बहिणी धडाधड बंद झाल्या. आलोकनं त्याचं नाव वगैरे फोनवर सांगितलं, मालविकानं ते दाबलं, आणि मला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही एवढ्यात पडद्यावर आलोक होता. शर्ट उलटा होता. त्याच्या मागे पाळणा, पाळण्याच्या एका बाजूला विहीणबाई आणि दुसऱ्या बाजूला, वाकायच्या तयारीत, मावशी.

"थांबा," सौदामिनी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण ते अमेरिकेत असं वाजलं असावं की मावशी सरळ उभी राहिली.

आलोकनं बाळाला उचलून कॅमेऱ्यापाशी आणलं. ती झोपलेली होती. मुठी आवळलेल्या, नाक आमच्या घरचं. मागं ताजमहाल नव्हता. सौदामिनीनं पडद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आलोकनं स्पीकर बाळाच्या कानाजवळ नेला आणि मालविका माईकवर वाकली.

तिनं कुर्र केलं. ते नेटवरून जाताना मधेच कुठं तरी अडकलं, पुन्हा सुटलं, आणि तिकडे पोचलं ते मोठ्यानं. बाळ दचकून जागं झालं. मग मालविकानं नाव सांगितलं, आणि कानात सांगायचं नाव तिकडच्या सगळ्या खोलीला आणि इकडच्या सगळ्या हॉस्टेलला एकदमच कळलं. मृण्मयी.

बायकांनी नाव घेतलं. मागं उभ्या असलेल्या पोरांनीही घेतलं. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गेल्या दिवाळीनंतर पाळणा हलला होता आणि त्यांना जाता आलं नव्हतं, तसे दोनतीन चेहरे मला दिसले. सौदामिनीनं घुगऱ्यांची पहिली मूठ त्यांनाच दिली. 

घरी परतताना मालविका माझ्याबरोबर चालत होती. "मृण्मयी म्हणजे मातीची," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या विषयातलं नाव आहे."

सगळ्या गावानं त्या मातीवरून मला चिडवलं. माझ्या मुलीनं तीच माती उचलून नातीचं नाव केलं. माझे डोळे भरून आले आणि पातेलं रिकामं असूनही जड वाटायला लागलं.

घरात कॉम्प्युटर चालूच राहिला होता. चौघांचं भांडण कसं मिटलं कुणास ठाऊक, पण पडद्यावर एक मोठी हिरवी खूण होती. खाली इंग्रजीत होतं की आपलं यंत्र पूर्णपणे सुरक्षित आहे. त्याच्या खाली बारीक अक्षरात, आज आलोक नावाच्या अनोळखी व्यक्तीनं वारंवार आत येण्याचा प्रयत्न केला, तो यशस्वीपणे हाणून पाडण्यात आला आहे. मी ते सौदामिनीला वाचून दाखवलं नाही. शेषेरावांनी सांगितलं होतं तसं केलं. वायर उपटली.

पुढच्या आठवड्यात दुकानातल्या माणसानं तिघांना घालवलं आणि एक ठेवला. कोणता ठेवला ते मी विचारलं नाही. त्याच दिवशी शेषेराव ओट्यावर आले. त्यांच्या हॉस्टेलातल्या कॉम्प्युटरवर आलोकनं बाळाचे फोटो पाठवले होते, ते पोरांनी पेन ड्राइव्हवर घालून दिले होते. पेन ड्राइव्हला शेंगदाण्याचं तेल लागलेलं होतं.

मी तो लावला. कोपऱ्यातला एकटा दरवान लगेच पुढे आला. ही वस्तू खात्रीच्या ठिकाणाहून आलेली नाही, तो म्हणाला, हिला आत येऊ द्यायचं का? सौदामिनी माझ्या खांद्यामागं उभी होती, ओल्या हातानं.

मी अलाऊ दाबलं. मृण्मयी आली, डोळे उघडे ठेवून. तिच्याबरोबर आणखी कोण कोण आत आलं असेल, ते असो.